दुसरं पाणी

रंगाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायचं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे रुसवेफुगवे नकोत. मी नूरबानो, येवल्याची रंगारीण. पैठणीचं रेशीम रंगवण्यात माझी जवानी गेली आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. लग्नात एखादीच्या अंगावरचा मोरपंखी पाहून बायका विचारायच्या, हा रंग कुणाच्या हातचा? आणि विणकर सांगायचे, रहेमानभाईंच्या सुनेच्या हातचा. रहेमानभाई म्हणजे माझे सासरे. रंग मी त्यांच्याकडून शिकले, जीभ माहेरून घेऊन आले, असं ते येईल त्या माणसाला सांगायचे. घरात आमची हिंदी-उर्दू, पण विणकर मराठी, व्यापारी मराठी, शेजारपाजार मराठी. त्यामुळे भांडायचं म्हटलं की मला मराठीच सुचते.

हात मात्र फितूर झाले. रंगाच्या पाण्यात बुडून बुडून कातडी सोलायला लागली, बोटांना चिरा पडल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पुन्हा हंड्यात हात घातलात तर माझ्याकडे येऊ नका. त्याच सुमारास माझ्या मुलाला, सरफराजला, नाशिकला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली. मग काय, गेल्या वर्षी सगळं बिऱ्हाड उचललं आणि नाशकात आलो, वडाळा रोडला, तिसऱ्या मजल्यावर. सून आफिया खूश. मी हातावर हात ठेवून बसलेली. बोटांच्या रेषा अशा पुसल्या गेल्यात की रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटत नाही. दुकानदार दर वेळी म्हणतो, आजी, परत दाबा. दाबते की! मशीनच्या हिशेबी मी या दुनियेत नाहीच.

पण माझ्या नातीच्या टॅबवर माझा अंगठा चालतो. तिथूनच सगळं सुरू झालं.

नात म्हणजे अरिबा, नववीत आहे. ती आणि तिची मैत्रीण आरोही एक ठोकळ्यांचा गेम खेळतात. त्यात एक अख्खी दुनिया असते, डोंगर, नदी, झाडं, सगळं चौकोनी. जमीन खणायची, लाकूड तोडायचं आणि मिळेल त्याचं घर, किल्ला, काय हवं ते बांधायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, या पोरी दिवसभर विटा रचतात, यापेक्षा गवंड्याच्या हाताखाली जा, चार लोक नाव तरी घेतील.  अरिबाने मला तिची भट्टी दाखवली. नदीकाठची वाळू भट्टीत घालायची, खाली कोळसा लावायचा, थोडं थांबायचं, की वाळूची काच होते. ती काच नऊ घरांच्या चौकटीत ठेवायची, आठ घरांत आठ काचा आणि मधल्या घरात रंग. रंग फुलांचा. पिवळं फूल तोडलं की पिवळा, निळं तोडलं की निळा. चौकटीवर बोट टेकवलं की आठही काचा रंगून बाहेर.

मी चष्मा लावला. एका फुलात आठ ठोकळे काच रंगते! ना उकळी, ना वास, ना हात भाजणं, ना चिरा. त्या दिवशी आफिया मला जेवायला हाक मारून दमली.

तेव्हापासून दुपार माझी. अरिबा शाळेत गेली की टॅब माझ्याकडे. मी वाळू खणायची, भट्ट्या लावायची, फुलं गोळा करायची. त्या दुनियेत रात्री भुतंबितं फिरतात, त्यांच्याकडे मी लक्षच देत नाही. येवल्यात उधारीवाले व्यापारी पाहिलेत मी, भुतांचं काय घेऊन बसलात.

आता मुद्द्यावर येते. गंगापूर रोडच्या एका सभागृहात या गेमची स्पर्धा ठरली. दोन मुलं आणि घरातलं एक मोठं माणूस, अशी टीम. आयोजकांनी प्रत्येक टीमला त्या दुनियेतला एकेक कुंपण घातलेला तुकडा दिला होता. त्यात जे मिळेल त्यातच बांधायचं. वाळूचा काठ अगदी लहानसा, आणि एकदा उपसला की संपला. आरोहीने कागदावर मोठा दरबार काढला होता, आणि त्याची समोरची अख्खी भिंत हिरव्या काचेची. मुलगी हुशार आहे, यात वाद नाही. सायखेड्याच्या शेतकऱ्याच्या घरची, बोलायला रोखठोक, तिच्यात मला थोडी मीच दिसते.

म्हणूनच तिचं म्हणणं मला झोंबलं. मोठं माणूस म्हणून तिला तिचे महेशकाका हवे होते. इंजिनियर आहेत, चांगला माणूस आहे. मी आत भाकरी टाकत होते आणि या दोघी बाहेर हळू आवाजात बोलत होत्या. माझे हात गेलेत, कान नाही. आरोही म्हणत होती, तुझी आजी छान आहे गं, पण आजी म्हणजे आजी, काहीतरी उलटंपालटं केलं तर परत वाळू नाही मिळणार.

तेव्हा अरिबा म्हणाली, "दादीची जबाबदारी माझी. दादीचं काही चुकलं तर मी टीममधून नाव काढून घेईन. मग तू काकांना घे आणि हवं त्याला घे."

भाकरी करपली. अरिबाला मी ओळखते. ही पोर आपण बोललो ते गिळत नाही. आणि आरोही म्हणजे नाशकात आल्यापासूनची तिची पहिली आणि एकुलती एक मैत्रीण. त्याआधी कित्येक महिने ती डबा एकटीने खाऊन यायची आणि घरी सांगायची की भूक नव्हती. ती मैत्री तिने माझ्या नावावर पणाला लावली होती. मी मनात म्हटलं, बघतेच आता, असा रंग देते की महेशकाका काच पुसायला येतील.

स्पर्धेच्या आठवड्यात पोरींची चाचणी परीक्षा आली. भिंती, खांब, छप्पर सगळं त्यांनी उभं केलं होतं. राहिली होती ती काच. बुधवारी सकाळी अरिबाने टॅब माझ्या हातात दिला आणि बजावलं की सगळी वाळू भाज आणि हिरवी कर, पेटीत हिरवा रंग काढून ठेवलाय. पोरगी परीक्षेला गेली.

तो हिरवा रंग मी पाहिला. गेममध्ये हिरवे दोन. एक गडद, दवाखान्याच्या पडद्याचा. दुसरा फिक्का, गाडीवरच्या सरबताचा. आमच्याकडे हिरवा म्हणजे राघू. पोपटाच्या पंखाचा, आत पिवळं ऊन असलेला. तो राघू निघतो कसा? हिरव्या रंगातून नाही निघत. आधी सूत पिवळ्या पाण्यात घालायचं. ते आमचं पहिलं पाणी. मग तेच पिवळं सूत निळ्यात घालायचं. ते दुसरं पाणी. सासरे म्हणायचे, हिरव्याला पिवळ्याच्या पोटातून जन्म घ्यावा लागतो. आणि दुसरा नियम, एका साडीचं सगळं सूत एकाच वेळी, एकाच पाण्यात रंगवायचं. आज थोडं, उद्या थोडं, असं केलं की पदराचा रंग एक आणि अंगाचा दुसरा. विणकर तोंडावर फेकून मारतो.

म्हणून मी सगळी वाळू भाजली. सगळी काच एकदमच पिवळी केली, एक ठोकळासुद्धा मागे ठेवला नाही. नमुना काढून पाहावा, असं कुणी म्हणेल. नमुना नवशिक्याने काढावा, राघू मी झोपेतसुद्धा काढते. झकास पिवळा आला, हळदीच्या नवरीसारखा. मग चौकटीत आठ पिवळ्या काचा ठेवल्या, मधे निळा ठेवला, आणि बोट टेकवलं.

काही नाही. मला वाटलं, माझं बोट लागलं नाही. रेशनच्या मशीनची सवय. परत दाबलं. मग पदराने पुसून दाबलं. मग करंगळीने. चौकटीतून काही बाहेर येईना. निळा आपला मधे बसलाय आणि आठ पिवळ्या काचा त्याच्याकडे बघतायत. शेवटी मी खाली उतरले आणि कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या पोराला विचारलं. त्याने एका वाक्यात सांगितलं की या गेममध्ये साधीच काच रंगते, एकदा रंगलेल्या काचेला दुसरा रंग चढत नाही.

दुसरा रंग चढत नाही? हा कुठला रंगाऱ्याचा धर्म? गेम बनवणाऱ्याने आयुष्यात एक रुमाल तरी रंगवला असता तर असं केलं नसतं. मी जिना चढता चढता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण शिव्यांनी काच हिरवी होत नाही. वाळू संपली होती, काठ खरवडून काढला होता, आणि पेटीभर पिवळी काच माझ्या उरावर होती.

अरिबा आली. बूट न काढता तिने टॅब पाहिला. मला वाटलं ओरडेल, ओरडायलाच हवं होतं. ती ओरडली नाही. पलंगाच्या कडेला बसली, आईचा फोन घेतला आणि आरोहीला मेसेज लिहायला लागली. मी वाचलं. लिहिलं होतं, काच माझ्याकडून बिघडली, मी नाव काढून घेते. माझ्याकडून! माझं नावसुद्धा नव्हतं त्यात.

मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, "हे आज पाठवायचं नाही. काच मी बिघडवली, मीच नीट करीन."

ती म्हणाली, "कशी करणार, दादी? वाळू नाहीये."

"ते मला माहीत नाही. पण रविवार अजून यायचाय."

ती बरं म्हणाली, पण मेसेज पुसला नाही. तसाच ठेवला. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारभर ती पिवळी काच नुसती बघत बसले. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून पिवळी भिंतच उभी करावी, असंही मनात आलं. पण आरोहीच्या दरबाराचे खांब लाल, छप्पर केशरी. त्यात पिवळी भिंत म्हणजे सगळं एकात एक मिसळून खिचडी. हिरवाच हवा होता, पोरीने बरोबर काढलं होतं.

रंगारी अडला की काय करतो? पहिल्या पाण्यापासून परत सगळं मनात चालवतो. मी तेच केलं. डोळे मिटले, येवल्याचं अंगण समोर आणलं, हंडा, काठी, पिवळ्या लड्या. लडी पिवळ्यातून काढली. पिळली. निळ्या पाण्यात सोडली. आणि तिथंच मी थांबले.

कारण तिथं प्रत्येक नवशिका फसतो. माझ्या हाताखाली शिकलेली एकूण एक पोरगी तिथं फसली. पिवळं सूत निळ्या पाण्यात सोडलं की त्याच क्षणी ते हिरवं दिसायला लागतं. सुताने रंग घेतलेला नसतो, नुसतं निळ्या पाण्याआडून पिवळं दिसत असतं. पोरगी खूश होते, झाला राघू म्हणून लडी वर काढते, आणि हातात काय? पिवळीची पिवळीच, वर दोनचार निळे डाग. मग मी डाफरायची की पाण्यातला हिरवा खोटा असतो, सुताला प्यायला वेळ दे. जन्मभर त्या खोट्या हिरव्याला मी शिव्या घातल्या.

आणि आता मला तोच हवा होता. काच रंग पीत नाही ना? नको पिऊ दे. तिला निळ्या पाण्यात उभी करते! गेममध्ये नदी आहे, नदीचं पाणी निळंशार आहे आणि ते बादलीने हवं तेवढं आणता येतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. शिवाय येवल्यात लडी कधी ना कधी वर काढावीच लागते, म्हणून तो हिरवा खोटा. या दुनियेत पाणी आटत नाही, सुकत नाही, काढायची वेळच येत नाही. मग त्याला खोटा म्हणणारी मी कोण?

शुक्रवारी पेपर संपवून अरिबा आली तेव्हा दरबाराची समोरची भिंत उभी होती. पुढे पिवळी काच. मागे एक ठोकळा जागा सोडून दगडाची भिंत. आणि मधल्या खाचेत वरपासून खालपर्यंत पाणी. तिने टॅब हातात घेतला आणि दरबारात शिरली. समोरून पाहिलं की राघू. थोडं बाजूला सरकलं की कडेने पिवळा झळकतो. पाणी आतल्या आत हलतं, म्हणून रंगही हलतो. पैठणीत उभा ताणा एका रंगाचा, आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा घालतात, त्या कापडाला आम्ही धूपछाव म्हणतो. ही काचेची धूपछाव होती. मी स्वतःच पाहून खुळावले होते, खोटं कशाला सांगू?

अरिबा बराच वेळ भिंतीसमोर इकडून तिकडे फिरत राहिली. मग मला गच्च मिठी मारली आणि म्हणाली की आरोहीला आत्ताच बोलावते.

आरोही आली. मी तिला बसायला सांगितलं आणि आधी सगळं सांगून टाकलं, काच कशी बिघडली, कुणी बिघडवली. म्हटलं, अरिबाने तुला जे वचन दिलंय ते मी ऐकलंय. आता भिंत बघ. तुला पटली नाही तर नाव माझं काढ, तिचं नाही. आरोहीने भिंत पाहिली.  मग कपाळाला आठ्या घालून तिने एकच शंका काढली. दरबारात तिने जमिनीवर ओळीने शेकडो मशाली लावल्या होत्या, कितीतरी संध्याकाळी घालवून. एक जरी काच फुटली तर पाणी आत येईल आणि सगळ्या मशाली वाहून जातील. मी म्हटलं, फोडणार कोण? ती म्हणाली, बरं आजी, राहू दे भिंत. कौतुक नाही, काही नाही. मला आवडलं. उगीच लाडीगोडी लावणाऱ्या गिऱ्हाइकाचा मी कधीच भरवसा धरला नाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. सरफराज आणि आफिया मागे बसले, आम्ही तिघी पुढे. मी मुद्दाम मोरपंखी साडी नेसले होते, माझ्या हातच्या रंगाची. मोठ्या पडद्यावर एकेका टीमची दुनिया उघडायची आणि परीक्षक त्यात फिरायचे. परीक्षक एकच होते, तरुण, चष्मेवाले, बोलायला गोड. आमचा दरबार उघडला. त्यांनी दार ढकललं, आत गेले, आणि समोर भिंत आली. सभागृहात कुजबुज झाली. मी साडीचा पदर नीट केला.

परीक्षक भिंतीसमोर थांबले, मागे आले, परत पुढे गेले. मग माईकवर म्हणाले, "काम सुंदर आहे. पण हा हिरवा या गेममध्ये नाही. सगळे रंग मला पाठ आहेत. बाहेरून काही टाकलं असेल तर एंट्री बाद करावी लागेल."

 मी उठणार, तेवढ्यात अरिबाच उठली. कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. येवल्याची ही पोर वर्गात हजेरी देतानाही पुटपुटते. ती म्हणाली, "रंग माझ्या दादीने केलाय. सगळा गेममधलाच आहे. तिची जबाबदारी माझी."

परीक्षक म्हणाले, ठीक आहे, मग दाखवा कसा केला.

दाखवणार कसा? भिंतीच्या मागे दगड, पुढून नुसता हिरवा. दाखवायचं तर काच फोडावी लागणार, आणि काच फोडली की मशाली गेल्या. मी अरिबाला म्हटलं, फोड. पण अरिबा फोडेना. तिने आरोहीकडे पाहिलं. दरबार आरोहीचा, मशाली आरोहीच्या, आणि काच पहिल्यांदा कुणामुळे बिघडली ते आरोहीला माहीत होतं. आजीने बिघडवलं होतं, आम्ही फक्त झाकलं, एवढं ती म्हणाली असती तर सगळा दोष माझ्यावर आला असता. खोटं नसतं ठरलं ते.

आरोही उठली, टेबलापाशी गेली, परीक्षकांच्या हातातून गेम चालवायचा कंट्रोलर घेतला आणि अगदी मधली, डोळ्यासमोरची काच फोडली.

भस्सकन पाणी आलं. निळं, नदीचं साधं निळं. भोकाच्या कडेने काचेची जाडी दिसायला लागली, ती पिवळी. आणि मशाली ओळीच्या ओळी विझत वाहत दाराकडे निघाल्या, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत. आरोहीने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. टेबलावरचा माईक तिच्यापाशी होता. ती म्हणाली, "पुढे पिवळा, मागे पाणी. आमच्या दादीने येवल्यात असंच रेशीम रंगवलंय."

आमच्या दादीने! इतके दिवस आजी, आजी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कुणाची चोरी आहे का?

एंट्री बाद झाली नाही. नंबर दुसरा आला. पहिला ज्यांना दिला त्यांच्या काचा सरबती हिरव्या होत्या, पण गाढवाला गुळाची चव काय, जाऊ दे. घरी येताना द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा अरिबाने आईकडून फोन घेतला. बुधवारचा तो मेसेज तसाच पडून होता. तिने मला दाखवून पुसला. मग म्हणाली, दादी, मला खरा राघू शिकव.

येवल्यात मी तिला हंड्याजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. माझे हात बघायची ना ती, तेवढं पुरे होतं. पण या वेळी मी नाही म्हटलं नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले, येवल्याहून रेशमाच्या लड्या मागवल्या आणि पुढच्या रविवारी गॅलरीत जुनी शेगडी मांडली. आरोही पण आली, काठी धरायला. आफियाने लगेच तोंड सुरू केलं की फरशीला डाग पडतील, मालक भाडं वाढवेल, पोरीचे हात तुमच्यासारखे होतील, याची जबाबदारी कोण घेणार.

मी म्हटलं, "मी. अरिबाची जबाबदारी माझी."

 मी खुर्चीत बसून सांगत गेले, अरिबा करत गेली. पहिलं पाणी छान लागलं. लडी पिळली, झटकली, निळ्यात सोडली. दोघी हंड्यावर वाकल्या आणि दोघींचे चेहरे एकदम फुलले. अरिबाने घाईघाईने काठी खाली घातली आणि लडी वर उचलली.

पिवळीची पिवळी. वर दोनचार निळे डाग.

ती माझ्याकडे बघायला लागली. चेहरा अगदी त्या बुधवारसारखा पडलेला. येवल्यात असते तर मी डाफरले असते. आता मला इतकं हसू आलं की खुर्ची हलायला लागली.

"काही बिघडलं नाही," मी म्हटलं. "घाल परत. आणि मी सांगेपर्यंत काढू नको."

तिने लडी परत पाण्यात सोडली आणि माझ्या पायाशी बसून राहिली.